देश, काल, पात्र : पोरक्या लेकरांसाठी हात पुढे करताना

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२. सोबत ज्ञानेश्वरीतील याच श्लोकांवरच्या ओव्या.

सतराव्या अध्यायात आपण आहार, यज्ञ आणि तप यांचे तीन-तीन प्रकार पाहिले. आज दानाची पाळी. श्लोक तीनच आहेत, पण घाईनं पुढं जाण्यासारखे नाहीत. निदान आमच्या शिवाजी पेठेतल्या हरिपाठ मंडळाला तरी या श्लोकांनी दोन आठवडे अडवून धरलं. कारण विषय पुस्तकातला राहिला नाही, गल्लीतला झाला. तो प्रसंग पुढे सांगतो. आधी श्लोक समजून घेऊ.

श्लोक काय सांगतात

भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. पहिलं सात्त्विक. द्यायला हवं म्हणून दिलेलं, ज्यानं आपल्यावर काही उपकार केलेला नाही आणि जो फेड करील अशी आशाही नाही त्याला दिलेलं, आणि देश, काल, पात्र बघून दिलेलं. दुसरं राजस. परत काहीतरी मिळावं म्हणून, फळावर नजर ठेवून, किंवा जिवावर आल्यासारखं दिलेलं. तिसरं तामस. भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी, भलत्याला, आणि घेणाऱ्याचा मान न राखता, त्याला तुच्छ लेखून दिलेलं.

माउलींनी राजस दान समजावताना दिलेले दृष्टांत मला फार आवडतात. ते सगळे घरातले आणि शेतातले आहेत. दुभत्यावर डोळा ठेवून गाईला चारा घालावा, धान्याचं पेव आधी तयार करून मग पेरायला निघावं, आहेर किती येईल याचा हिशेब करून सोयऱ्यांना आवतण द्यावं, तसं हे दान. यातला कुणी वाईट माणूस नाही बघा. गाय पोसणारा गाय पोसतोच आहे, पेरणारा पेरतोच आहे. फक्त त्याचं लक्ष पुढच्या माणसावर नाही, स्वतःच्या पेवावर आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तामस दानाच्या व्याख्येत भगवंतांनी रकमेबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. कमी दिलं म्हणून दान तामस होत नाही. मान न ठेवता दिलं की होतं. लाख रुपये दिले तरी होतं.

हा संवाद कुणाकुणाचा आहे?

आता एक गोष्ट सांगतो. ती मला बरीच वर्षं गीता वाचल्यावर दिसली, आणि एकदा दिसल्यावर डोळ्यापुढून हलत नाही.

गीता सांगणारा कोण? श्रीकृष्ण. जन्म तुरुंगातला. जन्मल्या रात्रीच आईबापांपासून वेगळा झालेला आणि नंद-यशोदेच्या घरी वाढलेला. आजच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्या कुटुंबानं संगोपन केलेलं मूल. ऐकणारा कोण? अर्जुन. पांडू वनातच गेला. माद्रीही गेली. पाच पोरांना घेऊन कुंती हस्तिनापुरात आली आणि तिनं एकटीनं त्यांना मोठं केलं. त्यातले नकुल-सहदेव तर आई आणि बाप दोघांनाही मुकलेले. पलीकडच्या सैन्यात कर्ण उभा आहे, जन्मतः नदीत सोडलेला, अधिरथ आणि राधेनं वाढवलेला.

आणि हे सगळं आपल्याला मराठीत सांगणारे ज्ञानोबा? परंपरा सांगते की विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेनं संसारात परतले म्हणून आळंदीनं ते घर वाळीत टाकलं. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि त्यांनी ते घेतलं. मागं चार लेकरं उरली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि सगळ्यात धाकटी मुक्ताई. माधुकरी मागायला गेलं की दार बंद. शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट. त्याच चौघांतल्या एकानं शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी केली. तेव्हा वय पंधराच्या आसपास. शेवटी देवाकडं मागितलं ते काय? आपल्याला दार लावणाऱ्यांना शिक्षा नाही, तर साऱ्या विश्वाचं भलं.

म्हणून मी म्हणतो, पोरकं मूल हे आपल्या धर्मग्रंथाच्या दाराबाहेर वाडगा घेऊन उभं नाही. ते आत बसलेलं आहे. सांगतंही तेच आहे आणि ऐकतंही तेच आहे. आपण दान द्यायला निघतो तेव्हा आपण वरचे आणि ते खालचे, असा जो एक भाव नकळत येतो, तो इथंच गळून पडायला पाहिजे.

अनाथ म्हणजे नेमकं कोण?

आपल्या मनात अनाथ मुलाचं एक ठरलेलं चित्र असतं. जगात कुणीच नसलेलं, आश्रमाच्या पायरीवर ठेवलेलं तान्हं बाळ. अशी मुलं आहेतच. पण ती थोडी आहेत.

युनिसेफ आईबापांपैकी एकाला किंवा दोघांनाही गमावलेल्या मुलाला अनाथ म्हणते. त्या मोजणीनं २०१५ साली जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुलं होती, त्यांतली सुमारे ५ कोटी २० लाख आफ्रिकेत. पण आई आणि बाप दोघंही गेलेली मुलं होती सुमारे १ कोटी ५१ लाख. म्हणजे दर दहा अनाथ मुलांमागं जवळपास नऊ जणांचं आई किंवा बाप, कुणीतरी एक हयात होतं. आणि ज्यांचं दोघंही गेलं, त्यांतल्याही कितीतरी जणांना आजी, मामा, मावशी, थोरली बहीण आहे.

आफ्रिकेत १९९० च्या दशकात एड्सनं तरुण माणसं नेली. गावंच्या गावं अशी झाली की घरात म्हातारी आणि तिची नातवंडं, मधली पिढीच नाही. जगभरातल्या भल्या माणसांनी आधी काय केलं? आश्रम बांधले. ते करणं भाग होतं. पण हळूहळू कळलं की बहुसंख्य मुलांना नवं छप्पर नको होतं, असलेल्या छपराला टेकू हवा होता. केनियानं २००४ साली वेगळा प्रयोग सुरू केला. अनाथ आणि असुरक्षित मुलांना सांभाळणाऱ्या कुटुंबालाच थेट रोख मदत द्यायची. म्हातारीच्या हातात पैसे द्यायचे आणि नातवंडं तिच्याजवळच ठेवायची. पुढं ही योजना त्या देशात खूप वाढली.

आपल्याकडं काही वेगळं आहे का? करोनाच्या दोन लाटांत आपल्या ओळखीतलीच घरं मोकळी झाली. आणि आईबाप दोघंही असूनसुद्धा असुरक्षित असलेली मुलं आपल्या जिल्ह्यात काही कमी नाहीत. वीटभट्टीवर, उसाच्या फडात आईबापांमागं फिरणारी, कचरा वेचणारी. कोल्हापुरात अनुराधा भोसले यांची ‘अवनि’ संस्था अशाच मुलांना शाळेपर्यंत आणायचं काम वर्षानुवर्षं करते आहे. त्या पोरांना अनाथ म्हणता येणार नाही, पण शाळेचा हक्क हातातून निसटतोय तो त्यांच्याही.

आता देश, काल, पात्र हे तीन शब्द एकेक करून या मुलांना लावून बघू. जुन्या टीकाकारांनी देश म्हणजे तीर्थक्षेत्र, काल म्हणजे पर्वकाळ आणि पात्र म्हणजे सदाचारी विद्वान असा अर्थ दिला आहे. तो आहेच. मी त्या शब्दांना आपल्या गल्लीत आणून बघतो आहे, इतकंच.

देश : मुलाचं ठिकाण कुठलं?

आता मंडळातला प्रसंग. एका सभासदांच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. त्यांच्या इच्छेनं अकरा हजार रुपये जमले. बेत असा की एखाद्या आश्रमात जाऊन मुलांना एक दिवस गोडाचं जेवण घालायचं. बेत वाईट नव्हता. पण त्याच संध्याकाळी गल्लीतल्या एका आजींचा विषय निघाला. मुलगा आणि सून दोन वर्षांच्या अंतरानं गेले. मागं नात सातवीत, नातू तिसरीत. आजी लोकांच्या घरी चपात्या लाटून देतात. पाव्हणेमंडळी त्यांच्या मागं लागली होती, “पोरास्नी कुठंतरी आश्रमात घाला, तुमचं वय झालंय.” आजींचं उत्तर एकच. “आश्रमात घालून मी काय करू? पोरं हाईत म्हणून सकाळी उठावंसं वाटतं.”

मंडळात दोन तट पडले. एक म्हणाले, “संकल्प आश्रमाचा केलाय, तो मोडायचा कसा?” दुसरे म्हणाले, “समोरची दोन पोरं आश्रमात जायच्या वाटेवर आहेत, आणि आपण आश्रमात जिलेबी वाटायला जाणार?” त्या दिवशी निकाल लागला नाही. पण ‘देश’ या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता तिथं लागला. मुलाच्या बाबतीत दानाचा पहिला देश म्हणजे त्याचं स्वतःचं घर. जिथं त्याला टोपणनावानं हाक मारणारं माणूस आहे, ते क्षेत्र.

कायदाही हेच सांगतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बालन्याय कायदा २०१५ नुसार संस्थेत ठेवणं हा शेवटचा मार्ग मानला आहे. महाराष्ट्रात ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ आहे. अनाथ, एक पालक गमावलेली किंवा तशाच अडचणीतली अठरा वर्षांखालची मुलं घरीच, नातेवाइकांकडेच वाढावीत म्हणून ही मदत असते. २०२३ पासून ती दरमहा २,२५० रुपये आहे. अर्ज महिला व बालविकास विभागाकडं करायचा आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते. योजनेला सावित्रीबाईंचं नाव आहे ते शोभून दिसतं. फुले दांपत्यानं १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि तिथं जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, पोटच्या पोरासारखं वाढवून १८७४ साली रीतसर दत्तक घेतलं. तो पुढं डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई मुंढव्याच्या एका आजारी पोराला उचलून त्याच्याच दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला.

आजींना ही योजना माहीत नव्हती. मृत्यूचे दाखले, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, बँकेचं खातं, एवढी कागदं जमवायची म्हणजे चपात्यांचे किती दिवस बुडणार? इथं पैशाहून मोठं दान म्हणजे कुणीतरी त्यांच्यासोबत जाणं. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक काका ते काम करायला तयार झाले. मला विचाराल तर पूर्ण प्रसंगात सात्त्विक दान पहिलं ते हेच. त्याची पावती नाही, फोटो नाही, फक्त चपला झिजल्या.

पण घर नसेलच तर? किंवा घरातच धोका असेल तर? तिथं संस्था हाच देश, आणि चांगल्या संस्थेची किंमत पैशात होत नाही. पंढरपुरात १८७५ साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. वारीच्या गर्दीत, चंद्रभागेच्या वाळवंटात जी पोरं कुणाचीच नव्हती, त्यांच्यासाठी. पुढं तो नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. त्याच पंढरपुरात मंगलताई शहा यांनी २००१ साली एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘पालवी’ उभी केली. आफ्रिकेतली जी गोष्ट वर सांगितली ती आपल्या दक्षिण महाराष्ट्रापासून फार लांबची नव्हती. आजार तोच, आणि नातेवाइकांनी दार लावून घेणंही तेच. आळंदीत जसं लावलं होतं तसं. आपल्या कोल्हापुरातही मंगळवार पेठेतलं बालकल्याण संकुल किती वर्षं हे काम करतंय, ते गावाला सांगायला नको.

काल : एक दिवस की बारा वर्षं?

दानाचा काल म्हटलं की आपल्याला अक्षय्य तृतीया, ग्रहण, एकादशी आठवते. मुलाचं पंचांग वेगळं असतं. जूनमध्ये शाळा सुरू होते तो एक पर्वकाळ. दहावीचा फॉर्म भरायचा दिवस दुसरा. मुलीला पहिल्यांदा पाळी येते आणि घरात आई नसते, तो तिसरा. आणि अठरावा वाढदिवस चौथा. संस्थेत वाढलेल्या मुलाचा अठरावा वाढदिवस आनंदाचा नसतो, कारण त्या दिवशी गादी सोडायची वेळ आलेली असते. कायद्यानं अनुरक्षणाची सोय आहे, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. महाराष्ट्रानं २०१८ साली अनाथांसाठी नोकरी आणि शिक्षणात एक टक्का आरक्षणही ठेवलं. तरी त्या वयाच्या पोराला भाड्यानं खोली देणारा घरमालक आणि ‘हा आमचा मुलगा’ म्हणून उभा राहणारा एक माणूस लागतोच. तिथं आपण कुणी दिसत नाही. आपण जातो पाच-सहा वर्षांच्या पोरांना फुगे द्यायला.

कालाचं भान काय असतं ते आपल्या गावानं एका राजाकडून पाहिलंय. शाहू महाराज तीन वर्षांचे असताना आई राधाबाई गेल्या. दहाव्या वर्षी ते कागलच्या घाटग्यांच्या घरातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि बाराव्या वर्षी जन्मदाते वडीलही गेले. म्हणजे आईबापांवेगळं वाढणं काय असतं ते त्यांना राजवाड्यात राहूनही ठाऊक होतं. १८९४ ला राज्यकारभार हाती आला आणि दोनच वर्षांत दुष्काळ पडला. महाराजांनी दुष्काळी कामं काढली, निराधारांसाठी आश्रम उघडले, आणि कामावर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या पोरांसाठी कामाजवळच शिशुगृहं सुरू केली. आई खडी फोडत असताना झाडाखालच्या झोळीतल्या बाळाला कोण बघतं, हा प्रश्न त्या काळात दरबारात कुणाला पडला असता? मागोमाग प्लेग आला.

दुष्काळ सरला तेव्हा काम संपलं असं त्यांनी मानलं नाही. १९०१ ला मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकामागून एक. दुष्काळातलं अन्न ही एका हंगामाची गरज आणि शिक्षण ही पंधरा वर्षांची. दोन्हींचे काल वेगळे आहेत, हे त्यांनी ओळखलं.

याच मातीतले कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरातल्या बोर्डिंगात राहून शिकले आणि पुढं १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत. एकदा धान्य संपलं आणि हातात पैसा नव्हता, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने तर दिलेच, शेवटी मंगळसूत्रही दिलं. तो काही पर्वकाळ नव्हता. साधा दिवस होता आणि पोरांना भूक लागली होती. गीतेतला ‘काल’ हा शब्द वाचताना मला लक्ष्मीबाईंचा तो दिवस आठवतो.

पात्र : ज्याचा मान ठेवायचा

पात्र म्हणजे लायक, असा अर्थ आपण घेतो आणि लगेच तपासायला लागतो. हे मूल खरंच गरीब आहे का, अभ्यास करतं का, आभार मानतं का. चौकशी जरूर करावी, पण ती संस्थेच्या कारभाराची. नोंदणी आहे का, हिशेब दाखवतात का, मुलं शाळेत जातात का, बाल कल्याण समितीच्या आदेशानं आलेली आहेत का, हे विचारायचा दात्याला हक्कच आहे. मुलाची लायकी मात्र तपासायची नसते. ते मूल आहे, हीच त्याची पात्रता.

आपल्याकडं वाढदिवस आश्रमात साजरा करायची पद्धत पडली आहे. हेतू चांगलाच असतो. पण जरा पोराच्या जागेवर बसून बघा. शनिवार-रविवारी तीन-तीन पार्ट्या. प्रत्येक वेळी रांगेत उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, ओळख ना पाळख त्या मुलासाठी गाणं म्हणायचं, केकचा तुकडा हातात धरून कॅमेऱ्याकडं बघायचं. त्याचा स्वतःचा वाढदिवस कधी असतो, हे पाहुण्यांपैकी कुणी विचारत नाही. मग फोटो मोबाईलवर फिरतात. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला कायद्यानंच बंदी आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी गीता आहेच. मान न राखता दिलेलं ते तामस. आपण आपल्या लेकराचा फोटो ‘हा बघा गरीब’ म्हणून कुणाला काढू देऊ का?

आता आजींची गोष्ट पुरी करतो. दुसऱ्या बैठकीत ठरलं ते असं. आश्रमाला फोन करून आधी विचारायचं, तुम्हाला काय हवंय? उत्तर आलं, जेवणावळी पुष्कळ होतात, आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवायला माणूस मिळत नाही. मंडळातल्या एका ताईंनी आठवड्यातले दोन दिवस कबूल केले. संकल्प आश्रमाचा होता, तो असा पुरा झाला. आणि अकरा हजारांत दरमहा थोडी थोडी भर घालून आजींच्या नातवंडांची शाळा आणि महिन्याचं धान्य तीन वर्षं बघायचं. तीन वर्षांनंतर पुन्हा बसून ठरवायचं.

आजींना सांगायला गेलो तर त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “फुकट नगं. आषाढीला नंदवाळच्या दिंडीसाठी चपात्या मी करून देणार. त्याचं पैसं घेणार न्हाई.”

यावर मंडळात पुन्हा चर्चा. एक काका म्हणाले, “फेड घेतली तर दान राजस होतं, श्लोकात स्वच्छ लिहिलंय.” श्लोकात आहे, खरंच आहे. पण ते देणाऱ्याला सांगितलं आहे. तू फेडीची आशा धरू नकोस, असं. घेणाऱ्यानं आयुष्यभर हात पसरूनच बसावं, असं भगवंतांनी कुठं म्हटलेलं नाही. आजी आमचे पैसे फेडत नव्हत्या. त्याही देत होत्या, वारकऱ्यांना. देण्याचा आनंद एकट्या आपल्या मालकीचा ठेवला तर समोरच्याकडं फक्त घेण्याची लाज उरते. त्या चपात्या नाकारल्या असत्या तर ती अवज्ञा झाली असती. आषाढीला दिंडीत त्या चपात्या आल्या, नातीनं डबा धरला होता, आणि त्या कुणी केल्या हे वारकऱ्यांना सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

आज मनाशी विचारण्यासाठी

१. मी शेवटचं दान दिलं तेव्हा माझी नजर मुलाकडं होती की माझ्या पेवाकडं?

२. माझ्या गल्लीत, नात्यात, कामाच्या ठिकाणी एक पालक गमावलेलं मूल आहे का? त्या घराला बालसंगोपन योजना माहीत आहे का?

३. मी जे देतो ते एक दिवसाचं आहे की त्या मुलाच्या वयाबरोबर पुढं जाणारं आहे?

आजचा संकल्प

एका घराबरोबर एकदा कचेरीत जाऊन येऊ. कागदं जमवायला मदत करू. रस्त्यावर एकटं, हरवलेलं, मार खाल्लेलं मूल दिसलं तर परस्पर घरी ठेवून घेणं किंवा कुणाला देऊन टाकणं हे कायद्यातही बसत नाही आणि मुलाच्या हिताचंही नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक फिरवू. तो दिवसरात्र चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. संस्थेत जायचं असेल तर आधी विचारून जाऊ, कॅमेरा खिशात ठेवून जाऊ, आणि एकदा गेलो तर पुन्हा जाऊ. पोरांना ‘पुन्हा येतो’ म्हणून न येणाऱ्या माणसांचा फार अनुभव असतो.

प्रार्थना

हे पांडुरंगा, तुला आम्ही अनाथांचा नाथ म्हणतो. नाथ तूच राहा, आम्हाला फक्त त्या लेकरांच्या शेजारी बसता येऊ दे. देताना आमचा हात वर आहे असं आम्हाला वाटू नये. ज्यांना आळंदीत दारं बंद झाली त्यांच्याच मुखातून तू आम्हाला गीता ऐकवलीस, हे आम्ही विसरू नये. आज आमच्या दारात जे लेकरू येईल, त्याच्या मुखातून तुला उद्या काय बोलायचं आहे ते आम्हाला ठाऊक नाही. दार तेवढं उघडं ठेवायची बुद्धी दे.

उद्याचं वाचन : अध्याय १७, श्लोक २३.

जय जय राम कृष्ण हरी!